धोतराच्या गाठीपाशी कर्करोग शोधणारे डॉ. खानोलकर

खानोलकर हे आडनाव ऐकले की मराठी वाचकाला आधी चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू आठवतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र दुसरे खानोलकर आठवायला हवेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. पॅथॉलॉजी म्हटले की आपल्याकडे लोकांना रक्त-लघवी तपासणारी लॅब एवढेच डोळ्यापुढे येते. रोग शरीरात कसा सुरू होतो, पेशी कशा बदलतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगणारे हे शास्त्र आहे. कर्करोग आहे की नाही, याचा शेवटचा निकाल आजही पॅथॉलॉजिस्टच देतो.

डॉ. खानोलकरांनी आयुष्यभर एका प्रश्नाचा पाठलाग केला. कर्करोग अमक्याच माणसाला, अमक्याच जागी का होतो? या प्रश्नाचे एक उत्तर त्यांना थेट आपल्या धोतराच्या गाठीपाशी सापडले. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर भागातल्या खेड्यांत आजही धोतर नेसणारे आजोबा आणि लुगडे नेसणाऱ्या आज्या घराघरांत आहेत. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचे ते संशोधन आपल्यासाठी जुने झालेले नाही.

लंडनहून परळला

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तिथूनच पॅथॉलॉजीत एम.डी. पदवी मिळवली. तेव्हा त्यांचे वय होते २८. त्या काळात लंडनची एम.डी. घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून नाव आणि पैसा दोन्ही सहज मिळाले असते. त्यांनी मात्र शिकवण्याचा आणि संशोधनाचा मार्ग धरला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे के.ई.एम. रुग्णालयाचे कॉलेज, इथे ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले.

त्या वेळी आपल्या देशात संशोधन म्हणजे मुख्यतः मलेरिया, प्लेग, कॉलरा, काळा आजार यांचे संशोधन. ते साहजिकही होते, कारण माणसे त्यानेच मरत होती. कर्करोग हा पुढारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, गरीब देशांत तो फारसा होत नाही, असा समज तेव्हा अनेक डॉक्टरांमध्येही पसरलेला होता. हा समज टिकून राहिला, कारण मोजणारे कोणी नव्हते. खेड्यातला माणूस तोंडातल्या फोडाने किंवा पोटातल्या गाठीने घरीच मरत असे. ना तुकडा काढून तपासला जाई, ना नोंद होई.

चित्र बदलू लागले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्या दिवशी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींचे जर्मनीत निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची सूत्रे डॉ. खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण एका छताखाली येऊ लागले आणि आजवर मोजता न आलेली गोष्ट मोजता येऊ लागली.

एक हजार तोंडे

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध केला. यातला सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याला सोयीचे वाटतील ते रुग्ण निवडायचे नाहीत. जो येईल त्याची नोंद करायची. शिवाय ही नोंद फक्त वय आणि लिंग एवढ्यावर थांबून भागणार नव्हती. तोंडात नेमका कुठे कर्करोग आहे, माणूस कुठल्या भागातला, तो काय खातो, काय चघळतो, विडी ओढतो का, तंबाखू तोंडात नेमकी कुठे धरतो, हे सगळे विचारायला हवे होते.

आपल्याला आज हे साधे वाटते. पण याच प्रश्नांतून भारतातल्या कर्करोगाचा नकाशा तयार होऊ लागला. गालाच्या आतला, जिभेच्या मुळाशी असलेला, ओठाच्या खाचेतला असे कर्करोगाचे वेगवेगळे प्रकार आणि त्यामागच्या वेगवेगळ्या सवयी यांची सांगड दिसू लागली. रोगाची जागा सवयीकडे बोट दाखवत होती.

लगेच पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. बी. सूर्याबाई यांचा एक लेख अमेरिकेच्या आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजीमध्ये आला. विषय होता चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध. त्यात भारतातले तीन प्रकार मांडले होते. पहिला खैनीचा. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून तो खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत ठेवतात, आणि कर्करोग नेमका त्याच खाचेत उगवतो. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर काही लोक, विशेषतः बायका, चुट्टा म्हणजे जाडी विडी पेटते टोक तोंडात धरून उलटी ओढतात. त्यामुळे टाळूला कर्करोग होतो. एरवी टाळूचा हा कर्करोग जगात क्वचितच दिसतो.

तिसरा प्रकार होता धोतराचा.

धोतराची गाठ

धोतर हे कष्टकऱ्याचे वस्त्र. वखर धरताना, ओझे उचलताना, विहिरीत उतरताना ते सुटू नये म्हणून कमरेला करकचून आवळावे लागते. ते आवळले जाते दर दिवशी, वर्षानुवर्षे, त्याच जागी. उन्हाळ्यात त्या पट्ट्याखाली घाम साचतो, धूळ बसते. चालताना, वाकताना कापड कातडीवर घासते. आधी तिथली कातडी काळी पडते. मग जाड होते, खरखरीत होते, मधेमधे पांढरे डाग दिसतात. खाज येते. खाजवल्यावर जखम होते. ती भरते, पुन्हा होते. असे वीस-तीस वर्षे चालले की काही थोड्या माणसांत ती जखम भरायचीच थांबते. तिच्या कडा उंच आणि टणक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग दिसतो.

डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी हे रुग्ण वेगळे ओळखले आणि या कर्करोगाला धोतराचे नाव दिले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत धोती कॅन्सर हा शब्द तेव्हापासून आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा कर्करोग दुर्मिळ आहे. कोट्यवधी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या धोतर नेसले आणि त्यातल्या मोजक्यांनाच तो झाला. दोष धोतराचा नाही. एकाच जागी रोज होणाऱ्या घर्षणाचा आणि न भरणाऱ्या जखमेकडे केलेल्या दुर्लक्षाचा आहे.

जुन्या भाजलेल्या व्रणातून, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेतून असा कर्करोग उगवू शकतो, हे वैद्यकाला आधीपासून माहीत होते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांच्या नावाने अशा जखमेला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. काश्मिरात थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कांगडी कर्करोगही त्याच जातीचा. तिथे उष्णता कारण, इथे घर्षण. पेशींना वारंवार इजा झाली की त्या वारंवार दुरुस्तीला लागतात. प्रत्येक दुरुस्तीत नव्या पेशी तयार होतात, आणि प्रत्येक वेळी नक्कल करताना चूक होण्याची शक्यता असते. हजारो दुरुस्त्यांनंतर एखादी चूक अशी होते की त्या पेशीला थांबायचे कसे हेच कळेनासे होते.

जर्मन पोरांची घट्ट विजार

कपडा आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारे डॉ. खानोलकर पहिले नव्हेत. कर्करोगाच्या शास्त्राची सुरुवातच मुळी एका कपड्याच्या प्रश्नापाशी येऊन थांबते.

१७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुरांडी साफ करणाऱ्यांमध्ये अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग वारंवार दिसतो, असे लिहिले. हेच ते पॉट, ज्यांच्या नावाने मणक्याच्या क्षयरोगाला पॉट्स डिसीज म्हणतात. इंग्लंडमध्ये त्या काळी पाच-सहा वर्षांची गरीब पोरे अरुंद धुरांड्यांत चढवली जात. कपडा अडकू नये म्हणून बरीच पोरे उघडीच चढत, नाहीतर अंगावर एखादा ढगळ, फाटका कपडा असे. कोळशाची काजळी घामाबरोबर कातडीच्या घड्यांत जाऊन बसे आणि अंघोळ तर क्वचितच होई. ही पोरे मोठी झाली की त्यांना हा रोग गाठत असे. कामामुळे कर्करोग होतो, हे जगाला पहिल्यांदा तिथे कळले.

पण धुरांडी तर जर्मनीतही होती. तिथेही ती साफ करणारे कारागीर होते आणि त्यांच्या हाताखाली शिकाऊ पोरे होती. त्यांना हा रोग इंग्लंडसारखा का होत नाही? लंडनचेच शल्यचिकित्सक हेन्री बटलिन यांनी १८९२ मध्ये या प्रश्नाचा छडा लावला. जर्मनीत आणि शेजारच्या काही देशांत धुरांडी साफ करणारे डोक्यापासून पायापर्यंत अंगासरशी घट्ट बसणारा पोशाख घालत. काजळी आत शिरतच नसे. काम झाल्यावर ते अंग धुऊनही काढत. डेन्मार्कमध्ये तर पॉट यांच्या लेखानंतर तीनच वर्षांनी या कारागिरांच्या संघाने सभासदांना रोज अंघोळ करण्याचा सल्ला दिला होता. इंधनाचाही फरक होता. इंग्लंडात दगडी कोळसा जास्त, युरोपात अनेक ठिकाणी लाकूड.

जर्मन मुलांच्या कपड्यांची फॅशन पुढे अनेकदा बदलली. बव्हेरियातली चामड्याची अर्धी विजार, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरोघरी पोचलेला खलाशी सूट, मग साधी आखूड चड्डी. हे बदल आवडीचे होते, प्रतिष्ठेचे होते. धुरांडीवाल्यांचा काळा, घट्ट, बटणांचा पोशाख मात्र कामाच्या गरजेतून आला आणि अजून टिकून आहे. असा काळा पोशाखवाला रस्त्यात दिसला तर जर्मन लोक तो शुभशकुन मानतात. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या पोशाखाने अनेकांचे भले केलेच होते.

पुढे १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक रसायन वेगळे काढले. धुरांडीतल्या काजळीत तेच होते, आणि विडी-सिगारेटच्या धुरातही ते असते.

आता गंमत पाहा. जर्मनीत घट्ट कपड्याने कर्करोग टाळला, आणि आपल्याकडे घट्ट कपड्याने तो केला. यात विसंगती काही नाही. तिथे शत्रू बाहेरची काजळी होती, कपडा तिच्या आड उभा राहिला. इथे शत्रू घर्षण होते आणि ते कपड्यातूनच येत होते. म्हणून डॉक्टरने रुग्णाला फक्त काय दुखते एवढेच विचारून चालत नाही. तो काय काम करतो, काय नेसतो, कसे नेसतो, हेही विचारावे लागते. पॉट, बटलिन आणि खानोलकर या तिघांनी नेमके तेच केले.

संस्था आणि माणसे

डॉ. खानोलकरांचे काम कर्करोगापुरते राहिले नाही. मुंबईसारख्या शहरात शेजारी राहणारे वेगवेगळे समाज आपापल्यातच लग्ने करतात. त्यांच्यात रोगांचे प्रमाण वेगळे दिसते, ते रक्तामुळे की राहणीमानामुळे? पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, असे रुग्णालयात दिसत होते. हे कोडे सोडवायचे तर आधी या समाजांची आनुवंशिक ओळख हवी. म्हणून डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. खानोलकर यांनी मुंबईतील सहा समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुणधर्म तपासले. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या सुरुवातीच्या पायाभूत कामांत त्याची गणना होते.

कुष्ठरोगावरही त्यांनी मोठे काम केले. कुष्ठरोगाची अगदी सुरुवातीची खूण मज्जातंतूंमध्ये कशी दिसते, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. विदर्भाला कुष्ठरोगाचे दुःख वेगळे सांगायला नको. चट्टा बधिर का होतो, बोटे वाकडी का होतात, याचे उत्तर त्या मज्जातंतूंच्या सुजेत आहे.

१९४९ मध्ये देशातील पॅथॉलॉजिस्टांची संघटना स्थापन झाली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. त्याचे ते संस्थापक संचालक. पुढे ही संस्था टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली. खारघर येथील आजच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्राची ती पूर्वज. तिथली एक इमारत खानोलकर शोधिका या नावाने ओळखली जाते.

त्यांनी घडवलेल्या माणसांमध्ये एक नाव महाराष्ट्राने विसरू नये असे आहे. डॉ. कमल रणदिवे. पुण्यात जन्मलेल्या, वनस्पतिशास्त्राच्या वाटेने आलेल्या या तरुणीने खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत पेशी-संवर्धनाचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि भारतातील पेशी-संवर्धनाची पहिली प्रयोगशाळा त्यांनी याच संस्थेत उभी केली. स्त्रियांना प्रयोगशाळेची दारे अर्धवटच उघडी होती त्या काळात डॉ. सूर्याबाई सहलेखिका म्हणून आणि डॉ. रणदिवे संशोधक म्हणून पुढे आल्या, ही गोष्ट त्यांच्या गुरूबद्दलही बरेच सांगते.

त्यांना पद्मभूषण मिळाले. ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अणुकिरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताची बाजू त्यांनी सांभाळली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

धोतर गेले, नाडी राहिली

तरुण पिढीने धोतर सोडले, पँट घातली. मग हा कर्करोग इतिहासजमा झाला का? नाही. तो बाईच्या कमरेवर राहिला.

साडीखालच्या परकराची नाडी बायका घट्ट आवळतात, कारण सगळ्या निऱ्यांचा भार त्या एका नाडीवर असतो. नाडी बारीक, सुती, दोरीसारखी. ती रोज एकाच रेषेत बसते. नऊवारी लुगडे परकराशिवाय नेसणाऱ्या बायका तेच लुगडे कमरेशी आवळतात. २०२४ मध्ये आपल्याच विदर्भातल्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींच्याही कमरेवर, नाडीच्या किंवा लुगड्याच्या पट्ट्यात कर्करोगाची जखम होती. एकीचा रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. डॉ. खानोलकरांनी पुरुषांत पाहिले तेच हे चित्र, फक्त वस्त्र वेगळे.

अशा जखमा उशिरा का सापडतात, हे खेड्यात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. जखम झाकलेल्या जागी असते. साठी-सत्तरीची बाई ती मुलाला दाखवत नाही, सुनेला सांगायला लाजते. दुखत नाही म्हणून अंगावर काढते. कधी हळद, कधी खोबरेल, कधी चुलीतली राख लावते. मग मेडिकलवरून नायट्याची ट्यूब येते. कमरेच्या पट्ट्यात घामाने नायटा होतोच, त्यामुळे सगळ्यांना तो नायटाच वाटतो. यातल्या अनेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, बरे वाटते. पण नायटा आत पसरतो, कातडी पातळ होते, आणि खाली दुसरेच काही असेल तर ते झाकले जाते. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अशी ट्यूब लावू नये, हे कितीदा सांगितले तरी कमीच आहे.

काय पाहायचे, काय करायचे

कमरेवर नुसता काळपट पट्टा असेल तर घाबरायचे कारण नाही. तो जवळपास प्रत्येकाच्या कमरेवर असतो, करदोड्याचाही असतो. त्या पट्ट्यात खवले, सतत खाज, पांढरट डाग किंवा भेगा दिसू लागल्या तर ती पहिली सूचना समजावी. उपाय सोपे आहेत. बारीक नाडीऐवजी दोन-तीन बोटे रुंद पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक वापरावे, म्हणजे दाब एका रेषेवर न येता पसरतो. गाठ रोज त्याच जागी न बांधता थोडी वर-खाली, डावी-उजवीकडे करावी. घरी असताना आणि रात्री झोपताना ती सैल करावी. कपड्यात साबण राहू देऊ नये. शेतातून आल्यावर कंबर धुऊन कोरडी करावी. धोतर नेसणाऱ्यांनाही हेच लागू आहे. घट्ट जीन्स आणि आवळलेला पट्टा घालणाऱ्या पोरांनाही थोडे सांगायला हवे. त्यांच्यात कर्करोगाची भीती नाही, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर कमरेजवळच्या मज्जातंतूवर पट्ट्याचा दाब पडतो आहे असे समजावे आणि आधी पट्टा सैल करून पाहावा.

जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा उंच किंवा टणक झाल्या, हात लागताच रक्त आले, घाण वास येऊ लागला किंवा जांघेत गाठ लागली, तर थांबू नये. डॉक्टर जखमेच्या कडेचा छोटा तुकडा भूल देऊन काढतात आणि तपासायला पाठवतात. त्याला बायोप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे. त्या भीतीने गेलेले सहा महिने जास्त घातक ठरतात. जुन्या व्रणातून उगवलेला कर्करोग उन्हाने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगापेक्षा पसरण्याकडे अधिक झुकणारा असतो. पण तो लहान असताना सापडला तर आजूबाजूच्या निरोगी कातडीसह कापून काढता येतो आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यामुळे पैशासाठी उपचार लांबवू नयेत.

आणि धोतराच्या लेखातला दुसरा धडा विसरू नये. त्याच लेखात खैनीही होती. कमरेचा कर्करोग क्वचित, पण तोंडाचा आपल्या भागात जागोजागी आहे. बिहारची खैनी आणि आपला तळहातावर मळलेला तंबाखू-चुना किंवा खर्रा यांत जिभेला फरक वाटत असेल, पेशीला वाटत नाही. तंबाखू गालात किंवा ओठात जिथे धरता, तिथे बोट फिरवून पाहा. पांढरा चट्टा, न भरणारा फोड किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यातले काहीही असेल तर दाखवायला या.

घरात धोतर किंवा लुगडे नेसणारे कोणी असेल तर या आठवड्यात त्यांना एकदा विचारा, कमरेला काही खाजते का, जखम आहे का. लेकीने किंवा सुनेने विचारले तर आजी सांगेल. तिला आपणहून सांगणे अवघड जाते.